दाजींची करंगळी

रत्ना : खरं सांग आक्का, तुझ्या सुनेनं दाजींना देवळात सगळ्या गावापुढं उभं केलं, आणि तू तिथं बसून टाळ्या वाजवत होतीस?

साळुबाई : तिनं कशाला उभं केलंय. त्ये आपल्या पायानं उभं राह्यलं. टाळ्या मातुर म्या वाजवल्या. सगळ्यात आधी म्याच वाजवल्या.

रत्ना : आमच्या हाटेलात निराळंच चाललंय. महाळुंग्याचा एक जण भजी खाता खाता सांगत होता, भगवंतरावांच्या सुनेनं सासऱ्याला लॅपटॉपवरून उठवला, वर माफी मागायला लावली. मी गल्ल्यावर बसलेली. मान वर करायची सोय नाय राहिली मला. सरळ एसटी धरली आन् आले.

साळुबाई : बरं केलंस. एरवी तुला आळेफाटा सुटतोय कुठं. घे, ह्या पावट्याच्या शेंगा सोल माझ्यासंगट, सगळं सांगते. सगळं म्हंजी, मला जेवढं म्हाईत हाय तेवढं.

रत्ना : सांग. आणि दाजींची बाजू घेऊन सांगू नको.

साळुबाई : ऐक तरी. पोरगा सूरज चाकणला कंपनीत, आठवड्यानं घरी येनार. सूनबाई अश्विनी दिवसभर घरी. तिला पुन्यातल्या एका बायांच्या केंद्राचं काम मिळालं. अडचनीतल्या बाया कॉम्प्युटरवर लिहून पाठवत्यात, ही त्यांना उत्तर लिहिती, धीर देती, कुठं जायचं, कुनाला भेटायचं ते सांगती. त्या बाया नाव सांगत न्हाईत, गाव सांगत न्हाईत. आन् केंद्राचा शब्द हाय, की अश्विनीशिवाय दुसरं कुनी वाचनार न्हाई. त्या शब्दावर बाया लिहित्यात. तर ह्या कामासाठी सूरजनं नवा लॅपटॉप आनला. आता घरात नवी वस्तू आली म्हनल्यावर तुझे दाजी गप बसत्यात व्हय? ट्रॅक्टरची केली तशी पूजा मांडली. चौरंग काय, नारळ काय, फुलं काय. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, ते त्या बटनांच्या फटीत गेलं, सूरज दातकाडीनं काढत बसला.

रत्ना : पूजा आमी बी करतो की. गल्ल्यावरच्या बिलाच्या मशीनला दसऱ्याला हार असतो. त्यात काय.

साळुबाई : त्यात काय त्येच तर सांगते. पूजा झाली, सूरजनं बटन दाबलं, आन् मशीन लागलं प्रश्न विचारायला. हे चालू करू का, ते चालू करू का. अश्विनी म्हनली, जरा वाचू द्या मला. तर तुझे दाजी म्हनले, पाटावर बसून पहिल्यांदा काही मागतंय, त्याला न्हाई म्हनायचं न्हाई. शुभ काम हाय, हो म्हना. म्या बी मान हलवली. आपल्यात पूजेच्या पाटावरनं कुनाला नकार देत्यात का कधी? सूरज हसत हसत हो, हो, हो करत सुटला. त्यातलाच एक हो असा व्हता, की पडद्यावर जे जे दिसंल त्याचे फोटो आपोआप काढून ठेवू का.

रत्ना : कसले फोटो? आपले?

साळुबाई : आपले न्हाई गं. पडद्याचे. तू काय बघतीस, काय लिहितीस, काय वाचतीस, त्याचा फोटो. थोड्या थोड्या वेळानं एक. आपलं आपन काढतंय, आवाज न्हाई, काय न्हाई. इसरभोळ्या मानसाची सोय म्हनून केलंय म्हनं. कुठं काय वाचलं ते घावत न्हाई, तर एक पट्टी असती, ती मागं सरकवायची. कालचं, परवाचं, सगळं जसंच्या तसं पुढ्यात.

रत्ना : म्हणजे आपण जे जे केलं ते सगळं त्यात राहतं?

साळुबाई : सगळं.

रत्ना : आणि लिहून पुसलं तर? पाठवलंच नाय, जागच्या जागी पुसून टाकलं तर?

साळुबाई : फोटो आधीच निघाल्याला असतोय की. तू पुसशीन अक्षर, त्याच्याकडं चित्र हाय. काय झालं गं? ती शेंग किडकी हाय, टाकून दे.

रत्ना : काय नाय. पुढं सांग.

साळुबाई : मग मशीन म्हनलं, उघडायला बोट द्या. अश्विनीनं आपलं दिलं. सूरज म्हनला, बास झालं. पन दाजींचा हट्ट, घरातल्या मोठ्या मानसाचं बोट पायजेच. अंगठा लावला, घेईना. आयुष्यभर खुरपं धरून अंगठ्यावर रेघ कुठं राह्यलीय त्यांच्या? हे बोट घेईना, ते बोट घेईना. मशीन नको म्हनतंय, हे घाम पुसत्यात. शेवटाला करंगळी घेतली. काय तो आनंद त्यांचा. गावभर सांगत हिंडले, आमच्या सुनेचा लॅपटॉप माझ्या करंगळीवर उघडतो म्हनून. कुनी पावनं आलं की करंगळी लावून दाखवायची. अश्विनीचं काम संपलं, की ह्यांनी बसायचं बैलगाड्यांच्या शर्यती बघत.

रत्ना : आणि ती काय बोलली नाय?

साळुबाई : तिला वाटलं, बघत्यात शर्यती, बघूद्या. ते फोटोचं कुनाच्या ध्यानातच नव्हतं. एक दिवस ती न्हायला गेलेली. ह्यांची एक शर्यत अर्धी बघायची राह्यलेली, ती घावंना. कुठं तरी बोट लागलं, ती पट्टी उघडली. हे मागं सरकवत गेले. सरकवता सरकवता एका बाईचं लिहिलेलं पुढ्यात आलं.

रत्ना : वाचलं त्यांनी?

साळुबाई : वाचलं. आधी नकळत, मग डोळं हलंनात. म्या चुलीपाशी. ह्यांचं तोंड बघितलं आन् तव्यावरची भाकर उलटायची राह्यली. त्या बाईनं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, पन एक शब्द लिहून गेली. त्या एका शब्दावरनं ह्यांना ते घर कळलं.

रत्ना : कुठला शब्द?

साळुबाई : मला काय म्हाईत. बैलाचं नाव असंल, वावराचं असंल, घरच्या देवाचं असंल. आपल्याकडं मानूस वळखायला आधार कार्ड लागत न्हाई रत्ने. जुन्नरपासनं आंबेगावापत्तूर, बैल सांगितला की मालक कळतो, ओढा सांगितला की घर कळतं. बिचारीनं सगळं झाकलं आन् तेवढं एक उघडं राह्यलं. हे उठले, टोपी घातली. एक चप्पल पायात, दुसरी सापडंना. म्हनत्यात, आता जातो आन् त्याला चावडीवर खेचतो. माझ्या पंगतीला बसतो भाड्या, आन् घरात बाईला गुरावानी मारतो.

रत्ना : बरोबर आहे त्यांचं. खेचायलाच पायजे. सीधी बात.

साळुबाई : मला बी तसंच वाटलं. म्या तर चप्पल हुडकून दिली असती. तेवढ्यात अश्विनी ओल्या केसानं भाईर आली. तिनं एकदा लॅपटॉपकडं बघितलं, एकदा ह्यांच्या टोपीकडं. तिला सगळं कळलं. दारात जाऊन उभी राह्यली, दोन्ही हात चौकटीला लावून. तुला म्हाईत हाय, ह्या घरात दाजींची वाट कुनी अडवत न्हाई. सूरजनं कधी अडवली न्हाई, म्या तर न्हाईच न्हाई.

रत्ना : मग?

साळुबाई : तिचा आवाज चढला न्हाई. म्हनली, 'मामा, तुम्ही गेलात तर तुमचा राग निघेल. तो घरी परतल्यावर मार तिला बसेल.'

रत्ना : हं.

साळुबाई : एवढंच. हे म्हनत्यात, मग काय, वाचून गप बसू? त्यावर ती म्हनली, 'तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही. मला सांगितलंय. कधी निघायचं ते ती ठरवणार. तुम्ही फक्त तिला तेवढा वेळ द्या.' रत्ने, म्या माझ्या मालकाला लई रूपात बघितलंय. पन त्या दिशी ते एका पायात चप्पल घालून वट्यावर जे बसले, ते कितीतरी वेळ उठले न्हाईत. रडले. म्या बी रडले, उगं कशाला लपवू.

रत्ना : आणि अश्विनी?

साळुबाई : ती न्हाई रडली. तिला कुठं सवड व्हती? तिनं आधी केंद्राच्या मॅडमला फोन लावला. म्या म्हनले, आगं, आधी सगळं पुसून टाक, कुनाला कळतंय. काम जाईल तुझं. तर म्हनली, आत्या, काम गेलं तर जाऊ द्या, त्या बाईला आधी कळायला पाहिजे. आपल्या तोंडानं आपली चूक सांगितली तिनं. चूक तिची नव्हती, पूजेची व्हती, आमची व्हती, पन तिनं एकदा बी आमचं नाव घेतलं न्हाई. फोनवर नुसती, हो मॅडम, माझ्या लॅपटॉपवर झालंय, माझी जबाबदारी. म्या भिताडाला टेकून ऐकत व्हते. तवाच मनात म्हनले, ह्या पोरीपुढं आपन कमी हाय.

रत्ना : मग काढली का कामावरून?

साळुबाई : ऐक. मॅडमनी तिला काम थांबवायला लावलं. त्या बाईला त्यांच्या वाटेनं निरोप दिला, की जपून ऱ्हा. मग अश्विनी बसली मशीनपुढं, आन् मला बी जवळ बसवलं. फोटो काढायचं बटन हुडकलं. म्हनली, आत्या, पूजेत आपण ह्याला हो म्हणालो, आता तुम्हीच नाही म्हणा. माझं बोट धरून त्या बटनावर ठेवलं. दाबलं, बंद झालं. जन्मात पहिल्यांदा कुनाला तरी तोंडावर न्हाई म्हनले म्या. लई गोड वाटलं बघ. मग जुने सगळे फोटो पुसले, एकूण एक. मग म्हनली, मामा, तुमची करंगळी काढायची आहे. मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेत्यात. तर हे म्हनले, काढ पोरी. आधी ती काढ.

रत्ना : दाजी म्हणाले?

साळुबाई : दाजीच. तिनं त्यांना त्याच लॅपटॉपात येगळं खातं करून दिलंय. तिथं ह्यांची करंगळी चालती, शर्यती बघत्यात. तिच्या खात्यात तिचं एकटीचं बोट. सूरजचं सुदिक न्हाई. सूरज आला तवा म्हनला, माझं का नको? तर हेच त्याच्यावर डाफरले, तुझं तिथं काय काम म्हनून.

रत्ना : आणि ती बाई? तिचं काय झालं?

साळुबाई : सुटली. पोरांना घिऊन, अंगावर वळ न उठता, आपल्या हिमतीनं निघाली. कवा, कशी, कुठं, ते अश्विनीनं सांगितलं न्हाई. एक दिवस जेवता जेवता म्हनली, 'मामा, ती पोचली.' एवढंच. ह्यांनी ताटाला हात जोडले. त्या दिशी म्या शिरा केला रत्ने, साजूक तुपातला. कुनी विचारलं तर काय सांगायचं म्हनून दार लावून खाल्ला. आन् मॅडमनी अश्विनीला कामावरनं काढायचं सोडून उलट सांगितलं, की बाकीच्या पोरींना तूच शिकव, कुनाकुनाच्या मशीनमधी हे चालू हाय ते बघ.

रत्ना : आक्का, कुठल्या गावची गं? तेवढं तर सांग. माझ्या हाटेलात सगळी शर्यतीची माणसं येतात, मी ओळखीन.

साळुबाई : म्हनूनच सांगत न्हाई. आन् मला म्हाईत बी न्हाई.

रत्ना : दाजींना विचार की.

साळुबाई : न्हाई विचारलं.

रत्ना : दाजींनी आपणहून सांगितलं नाय? दाजींनी? ज्या माणसानं माझं लग्न ठरायच्या आधी अख्ख्या पंचक्रोशीला सांगून ठेवलं होतं, त्या माणसानं?

साळुबाई : त्याच मानसानं. तोंडात तीळ भिजत न्हाई म्हनून ज्याला आपन हसत आलो, त्यानं माझ्यापाशी, बायकोपाशी, अवाक्षर काढलं न्हाई. माझ्या जिभेवर लई येळा आलं. पन म्या बी गिळलं. मागं एका लग्नात तो मानूस पंगतीला ह्यांच्या शेजारीच बसला म्हनं. कुनी आमच्या घरात फूट पाडली ते कळू द्या, बघून घेतो, असं म्हनत व्हता. घरी येऊन हे एवढंच म्हनले, साळू, आज म्या गप जेवलो. त्यांची छाती अशी फुगल्याली, जशी शर्यत मारून आले.

रत्ना : कुणाचं लग्न?

साळुबाई : लई लग्नं झाली औंदा.

रत्ना : बरं, नको सांगू. मग ते देवळातलं काय?

साळुबाई : ते असं, की अश्विनीच्या मनात आलं, आपल्या घरात झालं तसं दुसऱ्या घरात बी असंल. पोरांच्या शाळंला, दुकानाला, घरोघरी लॅपटॉप हाईत. बचत गटाच्या बाया देवळात बसत्यात, तिथं तिनं सांगायचं ठरवलं. बाप्ये बी आले, बसले मागं खांबाला टेकून. ही बोलत व्हती, काय हो म्हनायचं, काय न्हाई म्हनायचं, कुठली पानं त्या फोटोतनं वगळायची. तेवढ्यात मागनं एक जन बोलला, सासऱ्याची करंगळी काढली, आता सातबारा कवा काढतीस? समदे फिदीफिदी हसले. करंगळीचं गावाला ठाऊकच व्हतं, ह्यांनीच मिरवली व्हती. अश्विनी थांबली. तिला काय बोलायचीच चोरी. खरं कारन सांगावं तर त्या बाईचा माग निघतोय.

रत्ना : मग दाजी उठले.

साळुबाई : मग हे उठले. टोपी सारखी केली. म्हनले, 'तिनं काढली न्हाई, म्या दिली. घरात मोठा झालो म्हंजी सगळ्यांचं वाचायचा परवाना मिळाला असं न्हाई. म्या चुकलो व्हतो. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्या, पन घरी गेल्यावर आपल्या बायकोला, सुनेला, पोरीला इचारा, तुझ्या मशीनात माझं बोट पायजे का नको.' एवढं बोलून बसले. म्या टाळ्या वाजवल्या. मग बायांनी वाजवल्या, मग हळूहळू बाप्यांनी. हसनारा सुदिक वाजवत व्हता. ह्याला तुमच्या हाटेलात माफी म्हनत्यात?

रत्ना : मी त्या भजी खाणाऱ्याला उद्या फैलावर घेते.

साळुबाई : नको. बोलूद्या त्याला. ह्यांचंच म्हननं हाय, लोकं करंगळीवर हसत्यात तवर त्या बाईकडं कुनाचं ध्यान जात न्हाई.

रत्ना : दाजी असं म्हणाले?

साळुबाई : असंच म्हनले. एवढ्या वर्षांनी मला माझा नवरा नव्यानं आवडला, सांगायला लाज वाटती.

(अश्विनी मंचरहून परत येते, गाडी अंगणात लावते, ओट्यावर येऊन टेकते.)

अश्विनी : मावशी, कधी आलात? चहा झाला का?

रत्ना : झाला. तुझीच गोष्ट चालली होती. आक्का सांगत होती.

अश्विनी : आत्या फारच वाढवून सांगतात. मी एक बटण बंद केलं, बाकी मामांनी केलं.

रत्ना : ते बटण... आमच्याकडं बी एक लॅपटॉप आहे, गल्ल्याच्या मागच्या खोलीत. ह्यांनी आणलाय, आमच्या मालकांनी. त्यात बी असंल का गं?

अश्विनी : नवा असेल तर असू शकतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी म्हणून असतं, तिथं स्क्रीनचे फोटो साठवायचं बटण दिसेल. ते सुरू असलं तर बंद करायचं. पण नुसतं बंद केल्यानं जुने फोटो जात नाहीत, ते वेगळे पुसावे लागतात.

रत्ना : आणि पुसले, तर बघणाऱ्याला कळतं? कुणी पुसलेत ते?

अश्विनी : कुणी ते नाही कळत. पण रोज बघणारा असेल तर मागची पट्टी रिकामी दिसते, त्यावरून संशय येतो. म्हणून कधीकधी घाईनं पुसायचं नसतं. आधी आपण काय करायचं ते ठरवायचं, मग मशीनला हात लावायचा.

रत्ना : काउंटरवर कॅमेरा आहे. मालक बाहेर असले तरी मोबाइलवर बघत असतात, कोण आलं, मी कुणाशी बोलले. म्हणून मला वाटलं, मागच्या खोलीत आपलं बरं... म्हणजे समज, एखाद्या बाईला वाटलं. तिनं तिथं बसून तुमच्यासारख्या केंद्राला लिहिलं. निम्मंच लिहिलं. धीर नाय झाला, पुसलं.

अश्विनी : तिनं आता त्या मशीनवर पुन्हा लिहायचं नाही. आणि घाबरायचंही नाही. निम्मं लिहिलं, म्हणजे निम्मा धीर झाला होता. उरलेलं तिनं तोंडानं सांगावं, समोर बसून.

रत्ना : आणि ते कुठं साठत नाय?

अश्विनी : नाही मावशी. माझ्याकडं आता काहीच साठत नाही.

रत्ना : आक्का, मी जरा... हिच्याकडं मला जरा...

साळुबाई : ठेव त्या शेंगा खाली. जा आत, आन् कडी लावून घ्या. म्या हितं वट्यावर बसते. कुनी आलं, कुनाचा फोन आला, तर सांगंन, रत्ना अजून पोचली न्हाई.